धुलाई विभागातून एक

३ मार्च, सोमवार
आज सरकारी योजनेच्या बाई आल्या. चक्क आमच्या धुलाईत! हॉस्पिटलच्या तळघरात सोळा वर्षांत मुकादमाशिवाय कुणी डोकावलं नव्हतं.

दहा वर्षं हलकी कामं केलेल्यांना म्हणे आता चांगल्या पगाराचं, मानाचं काम. ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायची. चार महिने बाहेरगावी राहून शिकायचं, मग इथेच वरच्या मजल्यावर नोकरी. पगार जवळजवळ दुप्पट! आम्ही सगळ्या हातात चादरी धरून उभ्या. मुकादम म्हणाला, "ऐका, ऐका. ऐकल्याचा पगार कापत नाही मी."

शेवटी बाईंनी सांगितलं — एका विभागातून एकच. आणि अनुभव जास्त, त्याला आधी.

म्हणजे वन्सं. त्यांची बावीस वर्षं, त्यांच्यामागे माझी सोळा. संपलं.

४ मार्च
वन्संनीच तर मला इथे चिकटवलं. नणंद असून! तेव्हापासून चादरीची दोन टोकं त्यांच्याकडे, दोन माझ्याकडे. दिवसभर समोरासमोर. नवऱ्याचं तोंड एवढं पाहिलं नसेल मी.

आणि काम त्यांनाच शोभेल, हेही खरं. मळक्या कपड्यांच्या गाठोड्यात चुकून चिमटा, कात्री राहते. वरून हात फिरवला की सांगतात काय आहे ते. मला नाही जमत.

वरच्या मजल्यावर खिडक्या आहेत. आमच्याकडे वाफ.

५ मार्च
सगळ्यांचे फॉर्म मीच भरले. अक्षर बरं ना माझं! वन्सं जेमतेम दुसरी शिकलेल्या, सहीपुरतं येतं. बाई म्हणाल्याच होत्या, वाचायचं तिथे शिकवू.

एक प्रश्न होता — बाहेरगावी राहण्याची तयारी आहे का? मी वाचून दाखवला. वन्सं म्हणाल्या, "हो! लिही, हो. आता मला कोण अडवणार आहे?"

मी "नाही" लिहिलं.

कागद त्यांच्यापुढे सरकवला. जीभ दाताखाली धरून सावकाश सही केली त्यांनी.

६ मार्च
काही वाटत नाही.

१० मार्च
फॉर्म अजून मुकादमाच्या खणात. गुरुवारी जाणार. एक शब्द खोडायचा, एक लिहायचा. मुकादम नाही म्हणणार नाही.

जेवताना हे म्हणाले, "ताईला मिळू दे ती जागा. जन्मभर दुसऱ्यांचंच केलं तिने." मी भाजी वाढली. म्हटलं, "हो ना."

वाईट वाटायला हवं. आत हात घालून चाचपते, तर काहीच लागत नाही.

१३ मार्च, गुरुवार
गेले फॉर्म. आज चादरी कमी होत्या.

२४ मार्च
यादी लागली. माझं नाव!

मुकादमाने सगळ्यांदेखत वाचून दाखवलं. वन्संकडे बघून म्हणाला, "काय मावशी, बाहेरगावी जायची तयारी नाही असं लिहिलंत? हातातला घास घालवलात की!"

मला वाटलं, आता बिंग फुटणार. पण वन्सं शांतपणे म्हणाल्या, "नाहीच जमायचं मला या वयात." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी सगळे खूश. मीही हसले. 'मी तर हो सांगितलं होतं' म्हणून वन्सं ओरडल्या कशा नाहीत — फार विचार केला नाही. चारचौघांत वाद नको म्हणून गप्प बसल्या असतील. बॅग काढून ठेवली.

२५ मार्च
आज घडी घालताना टोकं जुळवायला वन्सं माझ्यापाशी आल्या. हळूच म्हणाल्या, "'नाही' एवढं वाचता येतं गं मला. सही करतानाच वाचलं होतं. आठ दिवस कागद खणात पडून होता. रोज वाटायचं, आज सांगशील."

पुढच्या चादरीची घडी त्यांनी एकटीनेच घातली.