तुझ्या गाडीचं चाक आणि आप्पांचा नारळ

प्रिय ओमू,

हातात फोन असताना आक्काला पत्र लिहायची काय अवदसा आठवली, असं म्हणतच तू हे पाकीट फोडलं असशील. ते शेवटी सांगते. आधी एवढं ऐक, की रविवारपासून मला इतकं हलकं वाटतंय की काल शाळेत हेडमास्तरांनी रजा नाकारली तरी मी हसतच बाहेर आले.

कारण तुझाच मेसेज. गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर टाकलास बघ, की तुझ्यासारखी भारी गाडी घेतलेल्या कितीतरी लोकांची तीच तक्रार आहे, रिमला आतल्या बाजूनं चिरा जातात, साधा खड्डा लागला तरी चाक जातं, आणि कंपनी आता तुझी चारी चाकं बदलून देणार आहे. खाली एक अंगठा टाकून तू मोकळा झालास. मी इकडं अनगोळला पोळी तव्यावर टाकून तोच मेसेज परत परत वाचत उभी. पोळी करपली आणि मला रडू फुटलं. तुझ्या दाजींना वाटलं, मी पोळीसाठीच रडतेय.

गाडी आणलीस तो दिवस आठवतोय न्हवं? आपल्या गावात, येळ्ळूरला देवळापुढं पूजा केली. हार घालून झाला, चाकांखाली लिंबं ठेवून झाली, आणि आप्पांनी नारळ उचलला. जन्मभर ट्रॅक्टरच्या हुकावर, त्याआधी बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर नारळ फोडलेला माणूस, त्यांनी तो सरळ तुझ्या चकचकीत रिमवर हाणला. पहिल्या दणक्यात फुटला न्हाय म्हणून दुसरा. तुझ्या सौम्याच्या तोंडून बारीक आवाजात 'अगं बाई' निघालं, आणि तू रुमालानं ओरखडा पुसत बसलास, जसा काही तो पुसून जाणार होता. लई हसलो आम्ही. आप्पा बी हसले.

मग तवंदीच्या घाटातलं ते. गावची यात्रा करून तुम्ही निपाणीला परत निघालात, आणि चार दिवस राहायला चला म्हणून तू आप्पांना पुढच्या सीटवर बसवलंस. उतारावर रिम तुटली, गाडी कठड्याकडं ओढली गेली आणि तू ती कशीबशी आवरलीस. मागं सौम्याच्या मांडीवर तुमची चिमी झोपली होती, तिला जागसुद्धा आली न्हाय. देवाची कृपा, दुसरं काय. तू खाली उतरलास, मोडकं चाक बघितलंस आणि म्हणालास, "मारा आप्पा, अजून नारळ मारा." तुला हे आठवतसुद्धा नसेल. मला सौम्यानं सांगितलं, तेही हसण्यावारी. निपाणीत हाडांचा एवढा मोठा डॉक्टर झालास, पण तुझ्या जिभेला काही हाड आलं न्हाय.

आप्पा तिथूनच बस धरून येळ्ळूरला परतले. त्यानंतर निपाणीचं नाव काढलं की त्यांना शेतात काम निघायचं. तू मला फोनवर म्हणालास, आप्पांना माझी गाडी खुपते, माझं मोठं होणं खुपतं. खोटं कशाला बोलू, मलाही घडीभर तसंच वाटलं. तुम्ही आलात की ते घरामागं परड्यात जाऊन बसायचे. पोर आज्जा आज्जा करत मागं गेली, तर आईला हाक मारून तिला उचलून न्यायला सांगायचे. दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा केली, पण नारळ शेजारच्या भरमूकडनं फोडून घेतला.

तेव्हा मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. ते रताळी धूत बसले होते. मी शेजारी बसले आणि खोदून खोदून विचारलं. एकच रताळं परत परत धूत राहिले. मग रताळ्याकडं बघतच म्हणाले, "माझ्या हातनं चाक मोडलं. पोरगी जाणार हुती. तिला आता कुठल्या हातानं घेऊ?" ओमू, मी किती समजावलं त्यांना. नारळानं कुठं चाक मोडतं व्हय? पण मी पडले मराठीची मास्तरीण, मला रिममधलं काय कळतंय. हे त्यांनाही ठाऊक होतं.

म्हणून तुझा मेसेज घेऊन रविवारी येळ्ळूर गाठलं आणि त्यांना सगळा वाचून दाखवला. दिल्लीवाले, चेन्नईवाले, कोचीवाले, सगळ्यांची चाकं गेलेली. आप्पांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्या समद्यांनी बी नारळ मारलता काय?" आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी म्हटलं, न्हाय हो आप्पा, तुमच्याशिवाय कुणीच न्हाय. मग आतल्या बाजूनं चीर म्हणजे नेमकी कुठं, ते त्यांनी परत समजून घेतलं. आपण तर भायेरनं मारलता, असं स्वतःशीच पुटपुटले. त्या दिवशी पोटभर जेवले. आईनं आणखी भाकरी वाढली तरी नको म्हणाले न्हाईत. मी आत भांडी घासता घासता पुन्हा रडून घेतलं, पण या खेपेला बरं वाटलं म्हणून.

निघताना त्यांनी मला दारात गाठलं. हे ओमू म्हणतोय का कंपनी म्हणतीया, एवढंच विचारलं. ओमूनंच टाकलंय की, म्हटलं मी. ते मान हलवून आत वळले. कंपनीनं त्यांना सोडवलं होतं रे, पण घाटातलं ते बोलणं कंपनीचं नव्हतं, तुझं होतं.

आता पत्र कशाला, ते सांगते. आज सकाळी आप्पा आमच्याकडं आले, धुतलेले कपडे, खांद्यावर नव्या बासमतीची पिशवी. म्हणाले, निपाणीला जाऊन येतो. कुणी सुचवलं नव्हतं, आपणहून निघालेत. बाहेर दाजींशी बोलत बसलेत, तोवर मी हे लिहून घेतेय. पाकिटात सौम्यासाठी लोणच्याची कृती आहे, असं त्यांना सांगितलंय. म्हणजे तू हे वाचतोयस तेव्हा ते तुझ्यासमोरच बसलेत, चहा निवत चाललाय, आणि ते तुझ्या तोंडाकडं बघतायत. माफी वगैरे मागत बसू नकोस, अवघडतील ते. "आप्पा, चाकच खराब होतं," एवढं तुझ्या तोंडानं एकदा म्हण. मग चिमीला उचल आणि त्यांच्या मांडीवर ठेव. ते आधी हात आखडतील. तरी ठेव.

तुझीच,
आक्का