नानांच्या कट्यारीची मूठ

सोमवार, संध्याकाळ. देवपूर, धुळे

मी जुनी शस्त्रं ओळखते, म्हणून चोपड्याचे नाना आज वडिलांची लष्करी गणवेशातली कट्यार घेऊन माझ्याकडे आले. वडील कोणत्या पलटणीत होते, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. सांगणारं घरात कुणी उरलेलं नाही.

“ताई, देखा, कशी चमकी राहिनी!”

पलटण ओळखायची ती मुठीवरच्या चिन्हावरून. तिथं तर नुसतं गुळगुळीत पितळ.

मी पटकन म्हणाले, “घासून घासून चिन्हच गेलंय, नाना.”

त्यांनी मुठीवरून अंगठा फिरवला. “दर दसराले पूजाले मीच चिंच लाईसन घासस, ताई.”

काळानं झिजलं, असं म्हटलं असतं तर माझं काय गेलं असतं?

निघताना त्यांनी ती गुळगुळीत मूठ हळूच रुमालात गुंडाळली.

“आते दसराले नुसतं कुंकू लावसू.”