मध्येच गेल्यास वजा दहा

३ नोव्हेंबर, सायं. ५.४०
आयुष्य बदललं. नेमकं ५.१० ला, उधव्याच्या समाजमंदिराच्या पायरीवर. दक्षा म्हणाली, "मुकेश, पोरांचा संध्याकाळचा वर्ग एक महिना टिकवून दाखव. मग बोलू." काय बोलू, ते विचारलं नाही. काही गोष्टी समजायच्या असतात. बारावीला आम्ही एका वर्गात. आता ती इथल्या शाळेत मॅडम. मी कॉलेज सेकंड इयरला सोडलं. प्रोफेसरांना माझी लेव्हल झेपत नव्हती.

४ नोव्हेंबर
यूट्यूबवर गेमिफिकेशनचे चार व्हिडिओ बघितले. एक्सपर्ट झालो. भिंतीवर तक्ता: हजेरी पाच पॉइंट, प्रश्न विचारल्यास दोन, वर स्टार. पहिल्या नंबराला माझ्या बाइकवर वेवजीपर्यंत फेरी. नियम एक, लाल पेनाने: वर्ग मध्येच सोडून गेल्यास वजा दहा. जिवलीने विचारलं, "सरांना पण?" म्हटलं, सर्वांना! तिने लगेच तक्त्यात माझंही नाव लिहिलं. दक्षा हसली. नोंद घेतली आहे.

७ नोव्हेंबर
पट अकराचा एकतीस! त्यात वर्गातल्या लहान्याची दोन वर्षांची बहीण. आणि हिरू आजा. "मला बी पॉइंट लिव," म्हणे. लिहिले. डेटा इज डेटा.

१२ नोव्हेंबर
आज चौऱ्याण्णव प्रश्न. पैकी "सर, पाणी पिऊ?" एक्क्याऐंशी. जिज्ञासा वाढते आहे. सातचा पाढा उद्या.

१६ नोव्हेंबर, रविवार
रविवारीही वर्ग. महिना म्हणजे महिना. मित्राचा, दिपकचा फोन: उंबरगावला कंपनीत जागा आहे, उद्या पाचला मुलाखत. पाचला माझी हजेरी असते. "पोरांनी बांधून ठेवलाय काय रे तुला?" हसला. मी शांतपणे फोन ठेवला. काच नवीन टाकावी लागेल.

२१ नोव्हेंबर
खडू फेकला. कोणाला लागला नाही. जिवलीने माझ्यापुढे वजा पाच लिहिले. असा नियमच नाही म्हटलं, तर म्हणे काल मतदान झालं. मी आता हिरू आजाच्या खाली. तरातरा दारापर्यंत गेलो. वजा दहा आठवले. परत येऊन बसलो. सातचा पाढा उद्या.

२७ नोव्हेंबर
दक्षा रोज खिडकीतून बघून जाते. मुलांना वाटतं, मुलांना बघते.

३ डिसेंबर
निळा शर्ट. इस्त्री.
दक्षा वर्गातच आली. बोलली. पिशवीतून सेकंड इयरच्या परीक्षेचा फॉर्म काढला. माझं नाव तिच्या अक्षरात. "तू सगळं रागात अर्धवट सोडतोस. सांगून ऐकलं नसतंस. म्हटलं, तुलाही गेमच लावू. बसलास ना महिनाभर एका जागी?" आणि माझ्याच डबीतला स्टार माझ्या हातावर चिकटवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.
विचारलं, आणि ते बोलायचं होतं ते?
"हेच. आणि मेमध्ये माझं लग्न आहे, आगर गावाला. तोवर पास हो, पेढे घेऊन ये."
मी उठलो.
जिवली लाल पेन घेऊन तक्त्याशी उभीच. "सर, अजून वीस मिनिटं बाकी हायेत."
म्हटलं, लिही वजा दहा.
बाहेर आलो. दार ओढून घेतलं.