वरच्या मजल्यावरची हाक

३ एप्रिल, गुरुवार

गुडघे कसे आहेत? — उजवा बरा, डावा रुसलेला. कान? — मशीन लावलं तर चालतात. भाडेकरीण कौसर? — सातवा लागला, पाय सुजलेत, पण हसते झकास. अंगणातला शेवगा? — वाळतोय. वरच्या मजल्यावरच्या बाईसाहेब? — त्यांचं कोण विचारतंय!

सख्खी धाकटी बहीण माझी, भुवनेश्वरी. तीन वर्षं एका जिन्याच्या अंतरावर राहते आणि मला हाक मारत नाही. नळ तिच्या खिडकीखाली. पाचव्या दिवशी पाणी येतं. आलं की ओरडते — "कौसर, पाणी आलं गं!" मग कौसर मला सांगते, "खाला, पाणी." पाणी नळाला आणि निरोप गल्ली फिरून!

५ एप्रिल

रद्दीतून आणलेलं व्याकरणाचं पुस्तक चाळलं. चौथीपुढं शाळेचं तोंड पाहिलं नाही मी, पण एवढं कळतं — संबोधन म्हणे आठवी विभक्ती. सगळ्यात शेवटी! लिहिणाऱ्याला घरात कधी कुणी हाक मारलेली नसावी.

समोरची तेलुगू नरसम्मा "एमंडी" म्हणाली की तिचा नवरा मागावरून उठून येतो. आम्हा कन्नड घरांत नुसतं "री" पुरतं. मराठीत "अहो". आणि मोठ्या बहिणीला — अक्का. दोन अक्षरं. तीही वरच्या बाईला जड!

६ एप्रिल

कौसर मोडनिंबला माहेरी गेली, बाळंतपणाला. घर ओकं ओकं. वरचीनं तिला रिक्षापर्यंत पोचवलं, शेंगाचटणीचा डबा दिला. लोकांच्या लेकींना बरं जमतं!

८ एप्रिल, मंगळवार

सकाळी वरून — "कौसर, पाणी आलं गं!"

कौसर मोडनिंबात आणि ही हितं हाका मारतेय! अक्कल कुठं गहाण टाकली बाईनं? मी गुपचूप पिंपं भरली. खिडकीत डोकं दिसलं. पिंपं भरलेली बघून आत गेलं.

९ एप्रिल

भिंतीला हाक मारेल, मला नाही. एकटीच हसले.

१० एप्रिल

फुलवाली गुरम्मा दारात. "तुमाला म्हाईत न्हाय व्हय? भुवक्का शनवारी पुण्याला चालल्या की, लेकाकडं. कायमच्या."

गल्लीला ठाऊक, मला फुलवालीकडून! जा म्हणावं. त्याच लेकाच्या, महेश्वरच्या, लग्नात कुंकू-अक्षत घेऊन सारी पेठ फिरली, माझाच उंबरा राहिला. विचारलं तर म्हणते, "घरच्यांना कसलं गं बोलावणं!" असली ही शहाणी. जा!

भाजी खारट झाली आज.

१२ एप्रिल, शनिवार

रिक्षा आली. बॅगा जिन्यावरून उतरल्या. पावलं माझ्या दाराशी थांबली. दार नुसतं लोटलेलं.

"कौसर," म्हणाली. "निघाले गं."

मी हलले नाही. पुन्हा, हळू — "कौसर…"

मी काय कौसर आहे? बसून राहिले.

१३ एप्रिल, रविवार

पाणी येऊन गेलं. नरसम्माकडून कळलं. पिंपं कोरडी.

भुवी, कौसर गेलीय हे तुला ठाऊक होतं. तूच तिला रिक्षात बसवलंस. मग हाक कुणाला होती, ते मला आज कळलं — रिकाम्या पिंपाशी उभं राहून. तुझी मोठी बहीण, एवढी मठ्ठ!

महेश्वरच्या लग्नाच्या मांडवात "आजपासून मला अक्का म्हणायचं नाही" असं मीच बोलले होते. चार माणसांत. तू ऐकलंस. लहानपणापासून माझं सगळं ऐकत आलीस, हेही ऐकलंस. आता सांगते — म्हण.

हे पान फाडून पाठवतेय. उत्तर कौसरच्या नावानं आलं तरी मीच फोडीन. लवकर लिही गं.