समितीपुढे हिची मुलाखत

३ जानेवारी
नवीन वर्ष, नवीन संकल्प. पहाटे चारला उठून प्रार्थना. रोज बायबलच्या मूळ ग्रीक भाषेचा एक धडा. मनात कोणाबद्दल कटुता ठेवायची नाही, अगदी गिटारबद्दलसुद्धा. गिटार म्हणजे आमच्या वर्गातला तो केस वाढवलेला मुलगा. वयाने माझ्या निम्मा. दिवसभर तारा छेडत बसतो आणि सगळे म्हणतात याच्यावर देवाची कृपा आहे. मी विम्याच्या ऑफिसातली कायमची नोकरी सोडून या बायबल कॉलेजात आलो. देवाने पाचारण केलं, मी उठलो. त्याग कोणाचा मोठा, हे काय सांगायचं?

५ जानेवारी
पहाटे उठणं झालं नाही. ही नर्सिंग होममधून नाइट ड्युटी करून आली तेव्हा दाराच्या आवाजाने जाग आली. तिला म्हटलं, जरा लवकर येत जा, माझी प्रार्थना बुडते.

१२ जानेवारी
चर्चमध्ये देतात तसा संदेश देण्याचा सराव. माझा विषय नम्रता. प्राचार्यांनी तीनदा घंटा वाजवली, पण विषयच असा की आवरता येईना. नंतर त्यांचा शेरा: तुमच्या संदेशात 'मी' फार येतो. आता नम्रतेचं उदाहरण द्यायचं तर माणूस जवळचंच देणार ना! वर्गात काही जण हसले. क्षमा केली. नावं लक्षात ठेवली आहेत.

२० जानेवारी
नोटीस लागली. पाळकीय दीक्षेसाठी शिफारस करण्याआधी कॉलेजची समिती प्रत्येकाच्या घरच्या माणसाला एकटं बोलावून विचारणार. लग्न झालेल्यांची बायको, बाकीच्यांचे आई किंवा वडील. प्राचार्य म्हणाले, वर्गात सगळेच संत असतात, घरचं माणूस खरं सांगतं. फार आनंद झाला. अखेर एक न्याय्य परीक्षा! यात ग्रीक नाही.
शिफारस मिळाली की जूनमध्ये पाळक म्हणून हातात मंडळी, म्हणजे स्वतःचं चर्च. नाही मिळाली तर काय, हा विचारच करायचा नाही.

२२ जानेवारी
हिची तयारी सुरू. हिला चारचौघांत बोलायची सवय नाही. घरातही बोलायला लागली की मीच वाक्य पूर्ण करतो, वेळ वाचतो. तेव्हा उत्तरं माझीच, तोंडपाठ करून घ्यायची. ही भांडी घासताना मी मागे उभा राहून सांगतो. दोघांचीही कामं होतात.

२९ जानेवारी
रंगीत तालीम. मी प्राचार्य होऊन खुर्चीत, ही समोर उभी. विचारलं, पतींचा स्वभाव कसा आहे? म्हणाली, तापट. शिकवलं: 'आवेशी' म्हणायचं. विचारलं, घरी प्रार्थना करतात का? म्हणाली, मोठ्याने करतात. शिकवलं: 'कळकळीने'. तिसऱ्या प्रश्नाला उभ्या उभ्या डोळा लागला हिचा. एवढं महत्त्वाचं चाललंय आणि झोप! दोन रात्री ड्युटी होती म्हणे. असेल. पण गांभीर्य म्हणून काही असतं की नाही?

६ फेब्रुवारी
हिला ताप. तालीम चुकवली नाही. डोळे मिटून पडल्या पडल्या सगळी उत्तरं घडाघडा म्हणाली, एक शब्द इकडचा तिकडे नाही. ऐकता ऐकता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. इतका चांगला माणूस आणि या कॉलेजात त्याची कदर नाही!
मग ही म्हणाली, अहो, मला कधी कधी वाटतं… म्हटलं, हे प्रश्नात नाहीये.

१४ फेब्रुवारी
समितीपुढे गिटारची आई आली होती. मी सहज दाराजवळून चाललो होतो. बाईंनी नुसत्या तक्रारी केल्या. आळशी आहे, अंथरूण उचलत नाही, बापाशी भांडतो आणि मग रडत रडत स्वतःच समजूत काढायला जातो. आतून हसण्याचे आवाज. चहासुद्धा दिला तिला! संपला बिचारा. उद्या त्याचं सांत्वन करायचं. बायबलमधलं वचन निवडून ठेवलंय.

१५ फेब्रुवारी
गिटारची शिफारस मंजूर. उघड उघड वशिला. प्राचार्यांना जाब विचारणार होतो, पण नम्रता आड आली. ग्रीकचा निकालही आजच लागला. ग्रीकच्या बाईंचा माझ्यावर राग आहे, हे मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय.

२१ फेब्रुवारी, सकाळी
आज हिची पाळी. कॉलेजात जाता जाता एकदा सगळं म्हणून घेतलं. अचूक.

दुपारी
फार वेळ लागला नाही. बाहेर आली, म्हणाली, सगळं सांगितलं. डोळे लाल होते. आत्म्याचा स्पर्श, दुसरं काय. दीक्षेच्या दिवशीचं आभाराचं भाषण लिहायला घेतलं.

२२ फेब्रुवारी
प्राचार्यांनी बोलावलं. यंदा शिफारस नाही. विचारलं, ग्रीकमुळे का? म्हणाले, नाही. तुमच्या बायकोने उत्तरं फार छान दिली. ती उत्तरं तुमची आहेत हे कळायला आम्हाला दोन मिनिटं लागली. मग मी त्यांना म्हटलं, बाई, ते राहू द्या, तुम्ही कशा आहात? तर त्या 'माझे पती' एवढं म्हणाल्या आणि थांबल्या. मग रडायला लागल्या, त्या थांबेचनात.
वर मलाच सांगतात, पाळकाच्या दारात माणसं हेच सांगायला येतात, आपण कसे आहोत ते.
तणतणत घरी आलो. सगळं मुसळ केरात. ही युनिफॉर्मची बटणं लावत होती. म्हटलं, एवढ्या सोप्या प्रश्नाला रडायचं काय होतं? माझं आयुष्य घालवलंस. ही शांतपणे म्हणाली, तो प्रश्न तुम्ही करून घेतला नव्हता. आणि आजवर कोणी विचारलाही नव्हता.
मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. आता आपण विचारावं म्हणून मी मनात वाक्य जुळवत बसलो, सुरुवात नीट व्हायला हवी होती. वर पाहिलं तर ही ड्युटीला निघून गेली होती.