दोन कॉम्प्युटर, एक मेमरी

बाई, तुम्ही गेलात तेव्हा जेवढ्या वयाच्या होतात, तेवढी आता मी झाले आहे. अकोल्याहून इंजिनीअरिंगला आलेली मी, तुमची विद्यार्थिनी, आणि पुण्यात तेव्हा जिथे तिथे कॉम्प्युटरचे क्लास निघत होते. महासंगणक आपल्या कॉलेजला परवडणारा नव्हता. तुमचं म्हणणं साधं होतं: चार साधे कॉम्प्युटर वायरने जोडायचे आणि प्रत्येकाची मेमरी वेगळी असली तरी प्रोग्रामला ती एकच, सगळ्यांची सामाईक वाटेल असं करायचं. मग पूल किती भार पेलेल यासारखं मोठं गणित चौघांत वाटता येतं. आपलं उत्तर बहुतेक वेळा बरोबर यायचं. कधीतरी चुकायचं, आणि का ते कळत नव्हतं.

पैसे देऊ शकणाऱ्या कंपनीचे पाहुणे आले त्या दिवशी ते बरोबर आलं. मी सुटकेचा निःश्वास टाकते आहे आणि तुम्ही शांतपणे सांगता, "हे कधीकधी चुकतं. का, ते आम्हाला अजून कळलेलं नाही." पाहुणे चहा पिऊन गेले, ते परत आले नाहीत. पुढे कॉलेजने ती खोली क्लासवाल्यांना दिली. सामान उतरवताना जिन्यात मी म्हणाले, "बाई, त्या दिवशी गप्प बसला असतात तर चाललं असतं."

"चाललं असतं. आणि पूल?"

तेवढंच. हाताखालच्या मुलांना आज मीही हे विचारते, पण तुमच्याइतकं शांतपणे जमत नाही.

मग त्या चारांतले दोन कॉम्प्युटर रिक्षातून कसब्यात तुमच्या घरी आले. टेबल एकच, तेही स्वयंपाकघरात. दर रविवारी मी तिथे. एका दुपारी मेथी निवडता निवडता तुम्ही थांबलात. "अगं, हा कॉम्प्युटर बदललेला आकडा पाठवतो, पण तो पोहोचायच्या आत दुसरा आपल्याकडची जुनी प्रत वाचून मोकळा होतो. ती आधी रद्द करायला हवी." तुम्ही सांगत गेलात, मी टाइप करत गेले. संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं, एकदाही चुकलं नाही. तुम्ही हसलात आणि ओट्याला टेकून बराच वेळ डोळे मिटून उभ्या राहिलात. मला वाटलं, समाधान असेल.

दिवाळीच्या आत तुम्ही गेलात. तेराव्याला तुमचे यजमान मला म्हणाले, "आजार वर्षभर माहीत होता आम्हाला. तिला स्वतःला घास जात नव्हता. पण रविवारी तू यायचीस म्हणून उठून पोळ्या लाटायची."

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. त्या पोळ्या मला आठवत नाहीत, बाई. जेवतानाही मी स्क्रीनकडेच बघत असायचे.