उत्तरेच्या खोलीचा रंग

दादा,

रंगारी येतच नाही असं मी तुला फोनवर सांगितलं, ते खोटं होतं. तो दोनदा आला आणि मीच त्याला परत पाठवलं.

घर विकायला काढायचं तर बाहेरची खोली पांढरी करून घे, असं तू म्हणालास. मीही हो म्हटलं. पण तिथे एकच खिडकी, तीही उत्तरेला. रंगाऱ्याने भिंतीवर पांढऱ्याचा पट्टा मारला, तो भर दुपारी राखाडी दिसायला लागला. पिवळा मारला, तो हिरवट पडला. आई गेल्यापासून मी त्याच खोलीत झोपते, तरी हे कधी लक्षात आलं नव्हतं.

"ताई, इथे ऊन येणारच नाही," रंगारी म्हणाला. "विटकरी लावा, ऊब तरी वाटेल."

"पण घेणाऱ्याला आवडेल का?"

"विकायचंय ना, मग पांढरा फासून मोकळे होऊ. राहायचं असेल तर विचार करा."

एकटीला एवढं घर कशाला, हे आधी मीच म्हटलं होतं. त्यामुळे तुझी काहीच चूक नाही.

आज तो तिसऱ्यांदा आला. "आता माझा अंत पाहू नका," म्हणाला. मी पांढरा म्हणायला तोंड उघडलं आणि विटकरी म्हणाले. ते मीही त्याच्याबरोबरच ऐकलं.

तू विचारलंस तर मी पुन्हा पांढराच म्हणेन, एवढी मी मला ओळखते. म्हणून रंगाचा दुसरा हात वाळेपर्यंत तुझा फोन उचलणार नाही.

तुझी,
धाकटी